बाईंचा जांभळा

माझ्या ताईच्या वर्गात काळ्या रंगाला मज्जाव आहे. पेटीतली काळी बाटली पहिल्याच तासाला तिच्या टेबलावर जमा करायची. "काळा म्हणजे आळशी माणसाचा रंग," असं ती सहावीच्या पोरांना सांगते. "सावली हवी ना? मग रंगचक्रात समोरासमोर बसलेले दोघे एकत्र आणा. लालात हिरवा, पिवळ्यात जांभळा. भांडतील, दमतील आणि गप्प होतील. ती सावली." मुलांना हे लगेच पटतं. असे दोघे बहुतेकांच्या घरी असतातच.

आम्ही दोघी बहिणी एकत्र राहतो. ती चित्रकलेची बाई, मी घरी शिवणकाम करते. रंगांमधलं जे काही मला कळतं ते ती मुलांचे कागद तपासत असताना शेजारी बसून, कानावर पडेल तसं उचललेलं.

वर्षाचं पहिलं काम ठरलेलं असतं, रंगचक्र. लाल, पिवळा आणि निळा हे तिघं मूळचे; ते कुणापासून होत नाहीत. त्यांच्या मधल्या जागा भरायच्या त्यांच्याच मिसळणीतून. नारिंगी कुणालाही जमतो. हिरवा कसाही झाला तरी कुठल्या ना कुठल्या पानाचा असतोच. जांभळा मात्र नखरेल. निळा जरा जास्त पडला की तो तिकडे कलतो, आणि ब्रशला आधीच्या पिवळ्याचा अंश राहिला असेल तर सरळ चिखल. म्हणून प्रत्येकासमोर पाण्याचे दोन डबे, एक धुवायला आणि एक खळबळायला. ताईच्या वर्गात पॅलेट नसलं तर चालेल, दोन डबे हवेतच.

यंदाच्या वर्गात एक मुलगी आहे. अंगानं एवढीशी आणि काम करताना कागदाला नाक टेकवणारी, म्हणून पोरं तिला मुंगी म्हणतात. हळूहळू ताईही म्हणायला लागली. तर मुंगीनं जांभळा केला आणि कागद टेबलाशी आणला. ताईनं तो उजेडात धरला.

"हा जांभळा?"

"हो बाई."

"तपकिरी झालाय हा. ब्रश धुतला होतास?"

"धुतला बाई. दोन्ही डब्यांत."

"पुन्हा कर."

तिनं पुन्हा केला. ताईनं पुन्हा परत पाठवला. तिसऱ्यांदा ताई म्हणाली, "अगं, ब्रश पाण्यात धुवायचा असतो, पाण्याला नुसता दाखवायचा नसतो!"

वर्ग खो खो हसला. हशा मिळाला की आमची ताई जरा चढतेच. संध्याकाळी घरी आल्यावर मलाही तो विनोद ऐकवला आणि वर म्हणाली, "पण पोर हट्टी गं. मला म्हणते, बाई, तुमचाच जांभळा निळा दिसतो."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? भिंतीवर माझं चक्र टांगलंय, त्यात बघ आणि तसा कर, म्हटलं. केला बरोब्बर तसा. म्हणजे येत होतं तिला, करायचं नव्हतं."

पुढे ताईला दिव्यांभोवती वलयं दिसायला लागली. मी मागितलेला काळा दोरा म्हणून ती गडद निळा घेऊन आली, त्यावरून आमची जुंपली. शेवटी धरून डॉक्टरांकडे नेलं, तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाले. आधी उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया करायची आणि डाव्याची नंतर, असं ठरलं.

पट्टी निघाली त्या दिवशी ती घरभर फिरत होती. हा डोळा झाकायचा, तो उघडायचा, मग उलट. "ए, इकडे ये! नव्या डोळ्यानं भिंत पांढरी आहे. जुन्यानं बघते तर कुणीतरी चहा ओतल्यासारखी!" मोरीतून ओरडली, "ही बादली एवढी निळी होती?"

"आणली तेव्हापासून."

"मला कधी बोलली नाहीस!"

"बादली निळी आहे, हे काय सांगायचं असतं?"

आम्ही दोघी पोट धरून हसलो.

सुट्टी संपली. ओझं उचलायचं नाही, वाकायचं नाही, अशी ताकीद होती, म्हणून पहिल्या दिवशी तिची पिशवी घेऊन मी शाळेत गेले. काळ्याला मज्जाव करणाऱ्या बाई काळा चष्मा लावून वर्गात शिरल्या, तशी पोरं खुसखुसली. ताईनं चष्मा काढला आणि भिंतीकडे बघून जागच्या जागी थांबली.

तिचं ते मोठं चक्र. लाल आणि निळ्याच्या मधल्या जागेत आणखी एक निळाच बसला होता. लालाचा त्यात नुसता वास. तिनं उजव्या डोळ्यावर तळहात ठेवून पाहिलं, मग डाव्यावर ठेवून. जुन्या डोळ्याला तो अजूनही छान जांभळा दिसत असणार. ती घरी रंगवत होती तेव्हाही मला तो निळसरच वाटला होता. पण बाईंचं चक्र, असेल तसंच, म्हणून मी कधी विचार केला नव्हता.

खाली मुलांची चक्रं ओळीनं लावली होती. सगळ्यांचा जांभळा हुबेहूब तसाच.

"हे सगळ्यांनी असं का केलंय?" ताईनं विचारलं. आवाज अगदी साधा ठेवला होता.

पुढच्या बाकावरची एक चुणचुणीत मुलगी उठली. "बाई, तो बाईंचा जांभळा आहे ना. खरा वेगळा असतो. पण तुम्हाला निळा जास्त घातलेला लागतो. सातवीच्या ताया आम्हाला आधीच सांगून ठेवतात."

"सातवीच्या?"

"हो, त्यांनाही कुणीतरी सांगितलेलं. फक्त मुंगीला माहीत नव्हतं, बाई. मग आम्ही सांगितलं तिला."

वर्गात हसू पसरलं. मुंगीही हसली, खाली बघून.

मधल्या सुट्टीत ताईनं तिला थांबवून घेतलं. मी मागच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. ताईनं आडवळणं घेतली नाहीत. "माझ्या डोळ्यांत दोष होता. तुझा जांभळा बरोबर होता. पहिलाच. मी तुला सगळ्यांसमोर बोलले ते चुकलं माझं."

"हो बाई," मुंगी म्हणाली. 'उद्या तक्ता आण' म्हटल्यावर म्हणेल, तसं.

ताईनं स्वतः कागद ठेवला, किरमिजी आणि निळा काढून दिला. "आता तुझा कर. पहिल्यांदा केला होतास ना, तो."

मुंगीनं केला आणि कागद पुढे सरकवला. भिंतीवर होता अगदी तोच, निळा.

"हा माझा झाला गं. मला तुझा हवाय."

मुंगीनं ब्रशच्या टोकावर किंचित किरमिजी घेतला, मिसळला आणि वर पाहिलं. आणखी किंचित घेतला, मिसळला, वर पाहिलं. मला बाजूनं स्पष्ट दिसत होतं. ती रंगाकडे बघतच नव्हती, ताईच्या कपाळाकडे बघत होती. कपाळावरची आठी सैल झाली त्या क्षणी तिचा ब्रश थांबला.

"झाला?" ताईनं विचारलं.

"झाला ना, बाई?"

"मी तुला विचारतेय."

"तुम्ही सांगा ना, बाई. मला नाही कळत."

रंग चांगला होता. पण तो कुणी केला होता, हे आम्हा दोघींनाही कळलं होतं. ताईनं दुसरा कोरा कागद ठेवला, स्वतःची खुर्ची फिरवली आणि फळ्याकडे तोंड करून बसली.

"आता मी बघत नाही. तुला जांभळा वाटेल तेव्हा थांब. घाई नाही."

बाहेर पोरांचा दंगा चालला होता. मुंगीनं ब्रश रंगात बुडवला आणि तसाच हवेत धरला. कागदाकडे पाहिलं. मग मान वाकडी करून, बाकावरून अर्धी उठून, ताईचा चेहरा कुठून दिसतो का ते पाहू लागली. दिसेना. ब्रशवरचा थेंब ओघळून मनगटावर आला.

"बाई," तिनं हळूच विचारलं, "तुम्ही रागावलात का?"

"नाही गं राणी," ताई फळ्यालाच म्हणाली. "तू कर."

तेवढ्यात घंटा झाली. मुंगीनं ब्रश अलगद खाली ठेवला आणि मैत्रिणींमध्ये पळून गेली. तिच्या पाठीवरूनसुद्धा सुटका दिसत होती.

"गेली?" ताईनं विचारलं. खुर्ची तिनं अजून फिरवली नव्हती.

"गेली."

"कागदाकडे बघितलं का गं तिनं?"

"बघितलं," मी म्हटलं. "एकदा."