पेट्राचं आडनाव

मंगळवारी सकाळी सव्वादहाला संग्रहालयातल्या माझ्या सहकारी युरुनचा फोन आला. "सोलफ्रिद, नोंदवही उघडतेय, वाचता येतेय, पण एक अक्षर लिहू देत नाहीये."

आमच्या संग्रहालयात काचेवर काढलेले हजारो जुने फोटो आहेत. बंदरावरचे, होड्यांवरचे, हेरिंग मासे खारवणाऱ्या बायकांचे. ते सगळे सर्व्हरवर चढवून झाले होते आणि आता त्यांतली माणसं कोण, हे सर्व्हरवरच्याच नोंदवहीत लिहिणं चाललं होतं. ते सांगू शकेल असा गावात एकच माणूस उरला होता, एक्क्याण्णव वर्षांचे ऐलर्ट. दर मंगळवारी ते बसने यायचे. युरुन एकेक फोटो दाखवायची आणि ते सांगतील ते टाइप करायची. सर्व्हर सांभाळायचं काम माझं. अठरा वर्षं मीच करतेय.

मी बघितलं. डिस्कवर चुका सापडल्यामुळे सर्व्हरने स्वतःच लिहिणं बंद केलं होतं. आहे तेवढं तरी शाबूत राहावं म्हणून तो तसं करतो. अशा वेळी काय करायचं, हे मी दुसऱ्यांना शिकवलेलं आहे: काही लिहू द्यायचं नाही, आधी डिस्कची प्रत काढायची, मग दोष शोधायचा. यात दिवस गेला असता. शिवाय प्रत काढायला गेले असते तर तोरलेफने, आमच्या संचालकाने, विचारलं असतं की डिस्क एकाएकी बिघडली कशी. ती एकाएकी बिघडली नव्हती. तीन आठवडे इशाऱ्याच्या इमेल येत होत्या. फार येतात म्हणून त्या परस्पर एका फोल्डरमध्ये जातील अशी सोय मी करून ठेवली होती आणि त्या फोल्डरमध्ये नाताळापासून डोकावले नव्हते.

"ऐलर्ट आलेत गं," युरुन म्हणाली. "कोट काढून बसलेत. परत पाठवू का? एवढ्या बर्फातून आलेत."

"नको. दोन मिनिटं दे."

मी एक आज्ञा दिली आणि डिस्क जबरदस्तीने पुन्हा लिहिती केली.

"चाललं," युरुन म्हणाली. "तू म्हणजे सोनं आहेस."

तीन तास ते दोघं बसले. एक्केचाळीस चेहरे झाले. दीड वाजता डिस्क पुन्हा बंद पडली आणि या वेळी कशालाच बधेना. जे आधीच करायला हवं होतं ते मी आता केलं, तेव्हा नोंदवहीच्या फाइलचे तुकडे झालेले दिसले. आदल्या रात्रीचा बॅकअप नीट होता. गेला तो फक्त मंगळवार.

मग मी जे केलं ते लिहायला हात धजत नाही. दिलेल्या प्रत्येक आज्ञेची सर्व्हर नोंद ठेवतो. त्यातली सकाळची माझी ओळ मी पुसायला गेले. उत्तर आलं की इथे लिहिता येत नाही, फक्त वाचता येतं. मी दुसऱ्यांदा प्रयत्न केला. तेच उत्तर.

युरुन माझ्या खोलीच्या दारात उभी होती. तिला माझा स्क्रीन दिसत नव्हता. "माझ्याकडून काही झालं का? मध्ये मध्ये सेव्ह करायचं मी विसरत होते. ते बोलत होते ना, त्यांना तोडवेना."

"असेल," मी म्हणाले.

एवढंच. संध्याकाळी मी कोट घालत होते तेव्हा तोरलेफ तिला सांगत होता, जरा लक्ष देऊन काम करत जा. ती मान खाली घालून "हो" म्हणाली. मी झिप लावली आणि त्यांच्या बाजूने निघून गेले.

रात्री झोप लागली, हे जास्त वाईट. सकाळी जाग आली ती मात्र छातीवर कोणी बसल्यासारखी. बुधवारी आठ वाजता मी युरुनला सगळं सांगितलं, इमेलपासून पुसायला गेले होते त्या ओळीपर्यंत. नंतर तोरलेफलाही सांगितलं. तो चिडला, नवी डिस्क मागवायला सांगितली आणि मोकळा झाला.

"तू 'असेल' म्हणालीस," युरुन म्हणाली. "मी रात्रभर आठवत बसले, कधी कधी सेव्ह केलं ते."

"माझं चुकलं."

"ऐलर्टना तू सांगायचं. मी येणार नाही." दाराशी जाऊन ती वळली. "सदतिसाव्या फोटोवर ते फार वेळ थांबले होते. पिंपाशेजारची मुलगी. पेट्रा नाव आहे. आडनाव लांबलचक होतं, लक्षात नाही राहिलं. मी टाइप करत होते ना."

गुरुवारी मी फोटोंच्या प्रती घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांनी कॉफी ठेवली, वॅफल आणि तपकिरी चीज पुढे केलं. मी खाण्याआधीच सांगितलं. "मशीनने थांब म्हटलं होतं. मी ऐकलं नाही. तुमचे तीन तास माझ्यामुळे गेले."

त्यांनी चाळीस वर्षं होडीवर इंजिन सांभाळलं होतं. "इंजिन आपणहून बंद पडलं की आम्ही आधी खाली उतरून बघायचो," ते म्हणाले. "आणि इशाऱ्याची शिट्टी वाजली तर कानात कापूस नव्हतो घालत. ते वॅफल थंड होतंय."

मग आम्ही पुन्हा पहिल्यापासून बसलो. ते दमत होते, दोनदा डोळे मिटून थांबले. तीन चेहरे आता त्यांना ओळखू येईनात. "परवा सांगितले होते का मी? मग बरोबरच सांगितले असतील."

सदतिसावा फोटो आला. त्यांनी तो हातात घेतला, खिडकीपाशी नेऊन पाहिला आणि पालथा ठेवला.

"पेट्रा ना?" मी विचारलं.

"युरुनने सांगितलं?"

"हो. आडनाव तिच्या लक्षात नाही."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. "एकदा सांगितलं मी," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "सत्तर वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. परवा सांगितलं. आता पुन्हा नाही. पुढचा दाखव."

मी पुढचा दाखवला.

सोमवारी नवी डिस्क बसली. इशारे आता युरुनच्या आणि माझ्या, दोघींच्या फोनवर येतात. ते मीच सुचवलं. मंगळवारी ऐलर्ट नेहमीसारखे आले आणि युरुनशी बोलत बसले. सदतिसाव्या फोटोची नोंद मी माझ्या हाताने भरली. नाव: पेट्रा. आडनाव रिकामं. नोंदवहीत शेवटी शेऱ्याची एक जागा असते. तिथे मी लिहिलं की आडनाव सांगितलं गेलं होतं, माझ्या चुकीने हरवलं, आणि खाली माझं पूर्ण नाव टाकलं. युरुनने ते वाचलं. जेवायला ती अजून माझ्या टेबलावर येत नाही.