बोकडाची वजावट

दर रविवारी शिळफाट्यावर वाल्मिक महाराजांच्या गाळ्यासमोर रांग लागे. साजगावच्या कारखान्यांतले कामगार पगारातून कापलेल्या कराचा फॉर्म सोळा लाल फडक्यात बांधून आणत. देवकार्याचा खर्च सांगा, महाराज कापलेला आयकर परत आणतात, असा बोलबाला होता. आणि पैसे खरोखर खात्यात येत. त्यातला पाचवा हिस्सा अर्थातच महाराजांचा.

माझा शेजारी सुनील फिटर आहे. त्याने गावदेवीला नवसाचा दिलेला बोकड आणि भावाच्या हळदीतला डीजे यादीत लिहून दिला होता. बोकडावर करसवलत देणारं सरकार अजून जन्मायचंय, असं मी म्हणालो, तर तो चिडला.

"तुमी मास्तर, तुमी देव मानत नाय. महाराजांनी मागल्या साली सव्वीस हजार आनले."

महाराजांनी भरलेला कराचा फॉर्म त्याने पाहिला नव्हता. नवस उघडला की फळ जातं, तसा फॉर्मही उघडायचा नाही, अशी अट होती. ओटीपी मात्र महाराजांना सांगायचा. देवभोळ्या माणसाला असं आंधळं करून लुटणाऱ्याची मला किळस येते.

मग आयकर खात्याने त्याच्याकडे मागल्या सालच्या वजावटीचे पुरावे मागितले. सुनील पुन्हा महाराजांकडेच निघाला. त्याची मुलगी नम्रता पोलीस भरतीची तयारी करते. तिने बापाच्या मोबाइलवर तो फॉर्म उघडला. त्यात ना बोकड होता, ना डीजे. अवलंबित अपंग व्यक्ती म्हणून मुलीची नोंद होती; अपंगत्व ऐंशी टक्क्यांहून जास्त, वजावट सव्वा लाख.

"पप्पा, भरतीत हा कागद कोनी काढला तर मी काय सांगू?"

सुनील उठला आणि मुलीला घेऊन थेट शिळफाट्यावर गेला. रविवार होता, मीही गेलो. फॉर्म दाखवला तरी महाराज डगमगले नाहीत. पोरीचं पुढचं संकट आपण कागदावर उतरवून घेतलं, असं ते शांतपणे म्हणाले.

"मंग तुमच्या पोरीला लिवा अपंग," सुनील म्हणाला.

रांगेतल्यांनी मोबाइल काढून आपापले फॉर्म उघडले. विकासची धडधाकट आई आंधळी निघाली, कमळ्याची बायको बहिरी. महाराजांनी शटर ओढून घेतलं.

यात चमत्कार कसला? आयकर खात्याचा संगणक आधी पैसे देतो, पुरावा मागाहून मागतो; तेवढ्या अवधीत हा माणूस आपला हिस्सा घेऊन मोकळा होतो. खोटं मात्र तुमच्या नावावर राहतं. देवीला बोकड खुशाल द्या, पण देवाला ओटीपी लागत नाही. आपल्या नावाने काय लिहिलंय ते आधी वाचा. वाचता येत नसेल तर पोरीला वाचायला द्या.