भाचीचं माप

मेहकरच्या बाहेर एका शाळेने तरणतलाव बांधला आणि दुपारी तीन ते चार ही वेळ महिलांसाठी राखून ठेवली. मार्चमधल्या उन्हात दुपारी तीनला कोणी पुरुष घराबाहेर पडत नाही, हे शाळेला माहीत असावं. शरयू पाठक यांना मात्र ही वेळ सोयीची होती. सकाळच्या शाळेत भूगोल शिकवून त्या बाराला घरी येत आणि मग दुखरे गुडघे उशीवर ठेवून संध्याकाळची वाट पाहत.

बुलढाण्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी त्यांना पाण्यात व्यायाम करायला सांगितलं होतं. "पाण्यात माणसाला स्वतःचं वजन कळत नाही," असं ते म्हणाले. शरयूताईंचं वजन चौऱ्याण्णव किलो. पन्नाशीनंतर कुठल्याही डॉक्टरने त्यांच्याशी इतकं गोड बोलल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

पण खरं कारण गुडघे नव्हतंच. जानेफळला मामांच्या विहिरीत त्या बारा वर्षांच्या होईपर्यंत पोहल्या होत्या. मग एका सुट्टीत मामी म्हणाली, "आता पुरे." पुरे झालं. पुढची चाळीस वर्षं त्यांचा पाण्याशी संबंध बादलीपुरता राहिला. पायाखालचा तळ सुटल्यावर आपल्याला अजून येतं का, एवढं त्यांना एकदा पाहायचं होतं. हे त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. त्याला गुडघे सांगितले होते.

तलावाच्या फाटकावर पाटी होती: पोहण्याचा पोशाख सक्तीचा. साडी, गाऊन, ओढणी चालणार नाही. पोहणं शिकवणारी रेवती चोवीस वर्षांची, बोलायला नम्र आणि नियमाला पक्की. "मॅडम, सोमवारपर्यंत पोशाख दाखवा, मग नाव पक्कं. बायकांची एकच बॅच आहे. मे महिन्यात तलाव रिकामा करणार."

नवरा भालचंद्र जिल्हा परिषदेतून निवृत्त झाल्यापासून मोबाईलवर खरेदी करत असत. त्यांनी 'फ्री साईज' लिहिलेला एक पोशाख मागवला. तो शरयूताईंच्या गुडघ्यापर्यंत चढला आणि तिथेच थांबला.

"डॉक्टरांनी गुडघ्याला पट्टा बांधायला सांगितलाच होता," भालचंद्र म्हणाले.

म्हणून गुरुवारी शरयूताई वामनरावांच्या दुकानात गेल्या. परकर, अस्तर आणि आतले कपडे त्या वीस वर्षं तिथूनच घेत होत्या. वामनराव सभ्य माणूस. बाईचं माप ते कधी मोठ्याने बोलत नसत. कागदाच्या कपट्यावर लिहून पुढे सरकवत आणि वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून देत. बाकी सगळं मात्र ते मोठ्याने विचारत.

"पोहायचा ड्रेस हवा होता," शरयूताई हळू आवाजात म्हणाल्या.

दुकानात चार बायका होत्या. चौघींचे हात हातातल्या कपड्यावर थांबले.

"कोनासाठी मॅडम?"

"भाचीसाठी."

शरयूताईंना भाची नव्हती. सख्खी नव्हती, चुलत नव्हती, मानलेलीही नव्हती.

"भाची अंगानं कशी हाय?"

"माझ्याच अंगाची आहे."

"लग्न झालं?"

"नाही अजून."

हे शेवटचं उत्तर द्यायची काही गरज नव्हती. पण शिक्षकांना प्रश्न कोरा सोडवत नाही. वामनरावांनी कपट्यावर माप लिहिलं, अकोल्याहून रविवारपर्यंत माल येईल असं सांगितलं आणि मग थोडा वेळ शरयूताईंकडे प्रेमाने पाहत राहिले. ते फावल्या वेळात लग्नं जुळवत. त्यांच्या नावावर एकेचाळीस लग्नं होती, आणि ते फक्त टिकलेलीच मोजत.

रविवारी दुपारी फोन आला. "मॅडम, माल आला. अन् अजून एक चांगली गोष्ट हाय, या तर खरं."

चांगली गोष्ट दुकानातल्या गादीवर बसली होती आणि गादीवर दुसऱ्या कोणाला जागा उरली नव्हती. जळगाव जामोदच्या मनकर्णाबाई. साठीच्या, नऊवारीतल्या, घरची संत्र्याची बाग. मुलगा गोविंदा चौतीस वर्षांचा आणि अजून बिनलग्नाचा. त्या नातलगाच्या बारशाला मेहकरला आल्या होत्या आणि वामनरावांनी त्यांना वाटेतच गाठलं होतं.

पोशाख त्यांच्या मांडीवर पसरलेला होता. काळा, कडेला जांभळी पट्टी, कोपरापर्यंत बाह्या, मांडी झाकेल इतका लांब.

"ह्या मुलीच्या मावशी," वामनरावांनी ओळख करून दिली.

"बसा मावशी," मनकर्णाबाई म्हणाल्या. शरयूताई उभ्याच राहिल्या. "हे पोरीचंच होय ना? बरं वाटलं मले पाहून. वामननं सांगतलं तवा खरं नव्हतं वाटलं. आमच्या गोविंदाले बारीक पोरीच दाखवून राह्यले लोकं. एक त अशी होती, चहाचा ट्रे तिले घेऊन आला का तिनं ट्रे आणला, काही समजलं नाही."

"अजून आमचं काही ठरलेलं नाही," शरयूताई म्हणाल्या.

"ठरन ना. पोरगी पवते?"

"पोहते."

"झालं मंग. आमची विहीर साठ फूट हाय." एवढं बोलून मनकर्णाबाईंनी पोशाखाची व्यवस्थित घडी घातली आणि तो आपल्या पिशवीत ठेवला.

शरयूताईंना वाटलं, आपण चुकीचं पाहिलं.

"हे मी घेऊन जातो," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मापाले. नाही त पोरीवाले मापाचं ब्लाऊज देतात ते दोन सालापूर्वीचं, अन् साखरपुड्यात हूक तुटते. याच्यात सगळंच माप हाय. चार ब्लाऊज शिवले का आठ दिवसांत वापस करतो."

"बराबर हाय," वामनराव म्हणाले. एकेचाळीस लग्नांत त्यांनी इतकं पक्कं माप पाहिलं नव्हतं.

"पण तिला तो उद्याच हवाय," शरयूताई म्हणाल्या.

"राह्यते कुठं पोरगी?"

"पुण्याला."

"मंग उद्या कसा पोचन तिले?"

शरयूताई भूगोलाच्या शिक्षिका होत्या. मेहकर ते पुणे हे अंतर त्यांनी पोरांना नकाशावर मोजायला लावलं होतं. मनकर्णाबाई पिशवीची चेन ओढू लागल्या. चेन जुनी होती, अडकत होती. शरयूताई त्या चेनकडे पाहत होत्या. आत्ता गप्प राहिलं तर अब्रूला काही होणार नव्हतं. आठ दिवसांनी भाचीला एखादी नोकरी लागली असती, किंवा पत्रिकेत मंगळ निघाला असता. फक्त उद्याचा सोमवार गेला असता, मग मे महिना आला असता, आणि तलाव रिकामा झाला असता.

"ते माझं आहे," त्या म्हणाल्या.

चेन थांबली.

"मला भाची नाही. पोहायला मीच जाणार आहे."

"भाची नाही म्हणजे," वामनरावांनी सावकाश विचारलं, "तिचं दुसरीकडं जमलं?"

"नाही म्हणजे नाहीच, वामनराव. कधी नव्हतीच."

वामनराव स्टुलावर बसले. त्यांचा चेहरा असा झाला की पाहणाऱ्याला वाटावं, पोरगी आत्ता गेली.

मनकर्णाबाईंनी पिशवीतून पोशाख काढला. "काऊन लपवलं माय?"

"दुकानात चार बायका होत्या."

"त्या चारी बारीक होत्या?"

शरयूताईंनी आठवून पाहिलं. "नाही."

"मंग?"

मनकर्णाबाई दोन्ही हात टेकून उठल्या. "चाल, आत घालून पाह्य. पैशाची वस्तू हाय, अन् घरी जाऊन नाही बसली त हा वामन वापस घेनार नाही."

आत परकरांच्या गठ्ठ्यांमध्ये दोन बायका उभ्या राहतील एवढी जागा होती, पण या दोघी राहतील एवढी नव्हती. तरी त्या राहिल्या. पोशाख मांडीवर अडला, मग कमरेवर अडला. "श्वास सोड," मनकर्णाबाई म्हणत होत्या, "सोड म्हंतलं ना, धरून काय ठेवून राह्यली." त्यांनी दोन्ही बाजूंनी धरून पोत्यात कापूस दाबावा तसा एक जोर दिला आणि पोशाख खांद्यापर्यंत पोचला. आरसा नव्हता.

"कसा दिसतो?" शरयूताईंनी विचारलं.

"पवाची वस्तू हाय. पाह्याची नाही. हात वर कर. वाकून पाह्य. बसला, जमलं."

सोमवारी तीन वाजता तलावावर शरयूताई धरून पाच बायका होत्या. रेवतीने पोशाख पाहिला, नाव लिहिलं आणि सगळ्यांना कडेचा दांडा धरून नुसते पाय मारायला सांगितलं. शरयूताईंनी दहा मिनिटं इमानदारीने दांडा धरला. मग सोडला.

आधी त्या खाली गेल्या. नाकात पाणी शिरलं, डोळ्यांपुढे हिरवं दिसलं, आणि त्यांना वाटलं की मामीचंच बरोबर होतं. मग पाय आपोआप हलले. वाकडे, एकदम, बेडकासारखे. डोकं वर आलं. रेवती काहीतरी ओरडत काठाने पळत होती. ते ऐकायला शरयूताईंना सवड नव्हती. तलाव त्यांनी पार केला तो रुंदीतून, लांबीतून नव्हे. पण समोरच्या काठाला हात लावला तेव्हा पाय तळाला टेकलेले नव्हते.

"मॅडम, फॉर्मवर तुम्ही 'पोहता येत नाही' लिहिलंय," धापा टाकत रेवती म्हणाली.

"खात्री नव्हती," शरयूताई म्हणाल्या, आणि भिंतीला पाय लावून परत निघाल्या.