गोळ्यावरचं हळदकुंकू

खासदार तेजलताई लोकसभेत बोलायला उभ्या राहिल्या, तेव्हा खंडेराव पहिली पाळी करून नुकताच घरी आला होता आणि चहात खारी बुडवत होता. टीव्ही लावला होता उज्वलाने, त्याच्या बायकोने. तिचा मामेभाऊ शेखर ताईंच्या संपर्क कार्यालयात कामाला आणि 'आज ताई बोलणार आहेत, बघाच' असा त्याचा दुपारीच फोन आलेला. जेलरोडच्या त्या दोन खोल्यांत राजकारणाची आवड कुणालाच नव्हती. पण नात्यातला माणूस ज्यांच्याकडे कामाला, त्या बाई टीव्हीवर दिसणार म्हटल्यावर बघावं लागतं, नाहीतर पुढच्या लग्नात ऐकून घ्यावं लागतं.

विषय होता तिकडच्या लढाईचा. कुठली लढाई, ते सांगत बसत नाही. रोज जेवताना आपण ती बघतो आणि भाजीत मीठ कमी आहे हेही त्याच वेळी सांगतो. सरकारचं म्हणणं, आपण कुणाच्याच बाजूने नाही. ताई विरोधी बाकावरून विचारत होत्या की मग आपल्याकडून तोफेचे गोळे जातात ते कुठल्या बाजूला पडतात.

"अध्यक्ष महोदय, मी हवेत बोलत नाही," असं म्हणून त्यांनी एक मोठा फोटो वर धरला. अध्यक्ष 'खाली ठेवा, खाली ठेवा' म्हणत होते, समोरचे बाक ओरडत होते, पण ताईंचा हात काही खाली येईना. "हा गोळा माझ्या जिल्ह्यात तयार झालाय. त्याच्यावर हळदकुंकू आहे बघा. खंडेनवमीला आमचा कामगार मशीनची पूजा करतो, तशी याचीही केली. ज्या बाईने हे कुंकू लावलं, तिला कुणी सांगितलं का, की हे कुणाच्या घरावर पडणार आहे? मी तिच्याकडे बोट दाखवत नाही. ज्यांना माहीत होतं आणि ज्यांनी तिला सांगितलं नाही, त्यांच्याकडे दाखवतेय."

खारी मोडून चहात पडली. खंडेरावला ते कळलंही नाही. फोटोत चेहरा कुणाचाच नव्हता. झेंडूची माळ घातलेला चकचकीत गोळा आणि त्याला कुंकू लावणारा एका बाईचा हात, एवढंच होतं. हाताच्या मनगटावर गुलाबी पट्ट्याचं घड्याळ होतं, लेक सृष्टी दहावीत असताना घेतलेलं. पोरीने ते टाकून दिलं तेव्हापासून आई वापरत होती. उज्वला टीव्हीकडे बघत नव्हती, स्वतःच्या मनगटाकडे बघत होती.

"अहो," ती म्हणाली, "हा माझा हात आहे."

आता खंडेनवमीचं सांगायला हवं. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतला तो कारखाना एरवी मोबाइल आत नेऊ देत नाही. गेटवरच्या कप्प्यात ठेवून जायचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मात्र सगळं सैल. बायकापोरं नटूनथटून येतात, मशीन पुसून लख्ख केलेली असते, तिला हार, नारळ, पेढे. माणूस वर्षभर ज्या मशीनला शिव्या घालतो, तिच्यापुढे त्या दिवशी टोपी घालून हात जोडतो. आधी इथे ट्रॅक्टरचे अॅक्सल व्हायचे. तीन वर्षांपासून गोळ्यांची कवचं होतात. नुसती कवचं, पोकळ. दारू दुसरीकडे कुठेतरी भरतात. त्यांना गोळा कुणी म्हणत नाही. सगळे 'जॉब' म्हणतात, जसं अॅक्सललाही म्हणायचे. कुठे जातो हे विचारायची पद्धत नाही. अॅक्सल कुठे जायचे हे तरी कुणी विचारलं होतं?

पूजा झाली की फोटो. आणि फोटो काढायला दरवर्षी एकच माणूस: बुद्धभूषण. तो तपासणीला होता, अकरा वर्षं कंत्राटावर. खंडेरावने घासूनपुसून दिलेला जॉब तो मोजायचा आणि बरोबर निघाला की त्याच्यावर आपल्या नंबरचा शिक्का ठोकायचा. येता-जाता कंपनीच्या बसमध्ये दोघांची एकच सीट. खंडेराव जेलरोडला चढायचा, भूषण उपनगरला, आणि वाटेतलं शिंदे-पळसे येईपर्यंत खंडेरावची एक डुलकी त्याच्या खांद्यावर व्हायची. भूषण पूजेत नसायचा. त्यांच्यात करत नाहीत. तो बाजूला उभा असतो, म्हणून सगळे त्याच्या हातात मोबाइल द्यायचे. 'भूषण, आमचा एक काढ.' दहा-बारा घरांचे फोटो तो काढायचा, पोरांना हसवायचा, 'वहिनी, जरा इकडे सरका' म्हणायचा. त्या खंडेनवमीला खंडेराव, उज्वला आणि सृष्टीचा फोटो त्यानेच काढला. उज्वलाने तो आवडीने स्टेटसला ठेवला. बावन्न जणांनी पाहिला, त्यात शेखर होता.

उज्वलाने त्याला फोन लावला तेव्हा शेखर खुशीत होता. "अगं अक्का, चेहरे सगळे कापलेत. ताईंनी बजावलंच होतं, गरिबाची नोकरी जाता कामा नये. तुम्हाला काहीच होणार नाही."

"मला विचारलंस का तू?" उज्वला म्हणाली. शेखर म्हणाला की स्टेटस तर सगळ्यांसाठीच असतं. यावर तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेल्या-गेल्या कळलं की साहेब लोक पहाटेपासून बसलेत. त्यांनी तो फोटो मोठा करकरून पाहिला होता. हातावरून बाई कोण ते कळेना. गुलाबी पट्ट्याचं घड्याळ नाशिकमध्ये दुकानोदुकानी मिळतं. पण जॉब तर आरशासारखा घासलेला. त्याच्या अंगात, कुंकवाच्या दोन बोटांच्या मध्ये, एक माणूस दिसत होता. आखूड, फुगलेला, मोबाइल धरलेला, आणि डोक्यावर पिवळं हेल्मेट. सगळे कामगार त्या दिवशी टोप्यांत होते. पिवळं हेल्मेट तपासणीवाल्याचं, आणि त्या खात्यात तपासणीवाला एकच.

त्याला बोलावलं. फोटो तू काढलास का? भूषण म्हणाला, हो, मी काढला. कुणाच्या मोबाइलवर? तो म्हणाला, दहा-बारा जणांचे काढले साहेब, कुणाचा कुठला ते कसं सांगू. हे सगळं केबिनबाहेर चहा देणाऱ्या सावळीरामने ऐकलं आणि अर्ध्या तासात खातंभर झालं. मग ज्याची त्याची जीभ सुटली. म्हणे पूजेला उभा राहत नाही तेव्हाच कळायला पाहिजे होतं. म्हणे आपल्या पूजेची दिल्लीत टिंगल करायला फोटो दिला. ज्यांच्या पोराबाळांना त्याने दोन महिन्यांपूर्वी 'हसा हसा' म्हणून हसवलं होतं, तेच हे बोलत होते. भूषणला चार दिवस घरी बसायला सांगितलं, चौकशी होईपर्यंत.

खंडेराव मशीनवर जॉब चढवत राहिला, मोबाइल आपला होता हे सांगायला केबिनकडे गेला नाही. नंतर त्याने स्वतःला पुष्कळ कारणं दिली. चौकशी तर व्हायचीच आहे. भूषणवर काही सिद्ध होणार नाही. आपण बोललो तर उज्वलाचं नाव येईल, सृष्टीचं येईल. खरं कारण एकच होतं: तो घाबरला होता. चोपन्न वर्षांचा बाप्या, पण केबिनचं दार टाळायला पाणी प्यायलाही मागच्या बाजूने फिरून जात होता. असा एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. बसमध्ये शेजारची सीट रिकामी राहायची आणि त्याला डुलकी काही लागायची नाही.

पाचव्या दिवशी भूषणचं कंत्राट संपल्याचं पत्र निघालं. त्या संध्याकाळी खंडेराव उपनगरला उतरला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच.

भूषण घराबाहेर सायकलची साखळी बसवत होता. "या खंडूभाऊ," म्हणाला, जणू काही झालंच नाही. आतून त्याची बायको अंजली पाणी घेऊन आली, ग्लास हातात न देता पायरीवर ठेवला आणि आत गेली. ते खंडेरावला बरोबर समजलं.

"तू माझं नाव का नाय घेतलं?"

"त्यांनी विचारलं फोटो कोणी काढला. मी काढला होता."

"मोबाइल माझा होता ना. तुला माहीत होतं."

"हो." भूषणने काळी बोटं चिंधीला पुसली. "म्हटलं तुम्ही सांगाल. तुमचं तुम्ही सांगणं वेगळं, मी सांगणं वेगळं. मी सांगितलं असतं तर काय म्हणाले असते? स्वतःवरचं दुसऱ्यावर ढकलतोय."

खंडेरावने ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला. त्याला लाज वाटत होती, अगदी कानाच्या पाळीपर्यंत.

"एक सांगू?" भूषण म्हणाला. "दरवर्षी तुम्हा सगळ्यांचे फोटो मी काढले. माझा एकही नाही. अकरा वर्षांत माझा एकच फोटो निघाला, तो हा." आणि तो हसला. ते हसू बघवत नव्हतं.

"पूजेला तू नसतो, म्हणून आम्ही..."

"पूजेला मी कधीच नव्हतो. पण अॅक्सल होते तोवर पेढा घ्यायचो. तीन वर्षं झाली, घेत नाही. तुम्ही बघितलं नाही कधी." त्याने साखळी पुन्हा हातात घेतली. "त्यात मोठेपणा काही नाही, खंडूभाऊ. पेढा घेतला नाही, पण शिक्का मारला. प्रत्येकावर. तुम्ही पूजा करता, मी पास करतो. ताई दिल्लीत बोलल्या ते खोटं नाही. फक्त आम्हाला माहीत नव्हतं असं म्हणाल्या ना, ते तेवढं खरं नाही."

घरी आल्यावर खंडेरावने उज्वलाला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "उद्या मी पण येते. हात माझा आहे."

सकाळी कंपनीच्या बसमध्ये बायको घेऊन चढणारा खंडेराव पहिलाच. गेटवरचा वॉचमन गोंधळून म्हणाला, "वहिनी, आज काय खंडेनवमी आहे का?" कुणी हसलं नाही. तिला आत सोडायला तो तयार होईना, शेवटी साहेबच गेटवरच्या खोलीत आले. खंडेरावने मोबाइल पुढे केला. अख्खा फोटो, न कापलेला: टोपी घातलेला तो, हातात ताट घेतलेली सृष्टी, आणि वाकून कुंकू लावणारी उज्वला. उज्वलाने घड्याळाचा हात टेबलावर ठेवला.

"फोन माझा आहे, साहेब. स्टेटस हिने ठेवलं. दिल्लीला आमच्याच नातेवाइकाने पाठवलं. भूषणने नुसतं बटण दाबलं, ते पण मी सांगितलं म्हणून."

साहेबांनी फोटो बराच वेळ बघितला. रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते रागावले नाहीत. "हे तुम्ही मला दाखवलं नाही, आणि मी बघितलं नाही," ते म्हणाले. "तो विषय मिटला. वर कळवून झालंय. तुम्ही जुना माणूस आहात, तुमचा हात मला मशीनवर पाहिजे, या महिन्यात माल दुप्पट काढायचाय. फोटो डिलीट करा आणि पाळीला जा. वहिनींना रिक्षा मागवू का?"

"पाच दिवस आधी आलो असतो तर?"

साहेबांनी खांदे उडवले. त्या खांद्यांकडे बघताना खंडेरावला कळलं की हो, तेव्हा कदाचित ऐकलं असतं. ते त्याला आयुष्यभर सलत राहणार होतं.

"मी इथंच थांबते," उज्वला म्हणाली आणि गेटसमोरच्या कडुनिंबाखाली जाऊन उभी राहिली.

फोटो डिलीट न करता त्याने मोबाइल कप्प्यात ठेवला आणि मशीनवर गेला. दुसरं काय करावं हे त्याला माहीतच नव्हतं. हाताने आपोआप जॉब चढवला, फिरवला, घासला, उतरवला. चकचकीत अंगात निळ्या हेल्मेटचा एक आखूड, फुगलेला माणूस दिसला. तीन वर्षं तो तिथे असणारच. खंडेरावने आज पाहिला. त्याने जॉब उचलून तपासणीच्या टेबलावर नेऊन ठेवला. टेबलामागे कुणी नव्हतं. इतके दिवस शेजारच्या खात्यातला तपासणीवाला आपल्या शिक्क्याने भागवत होता, तो कालच परत गेला; नवा माणूस सोमवारी येणार होता. मापं जागेवर होती, कापड घडी घालून ठेवलेलं होतं आणि त्याच्यावर भूषणचा शिक्का.

एकाचे चार झाले, चाराचे नऊ. माल नेणारा गाडीवाला येऊन बघून गेला. शिक्क्याशिवाय माल चढत नाही. मग सुपरवायझर रावजी धावत आला. "अरे खंडू, हे जॉब इथे उभे काय करून ठेवलेत? तुला मापं येतात ना? मार शिक्का तूच, आजच्या दिवस चालतंय."

आजूबाजूच्या दोन-तीन मशीन थांबल्या. खंडेरावने शिक्का उचलला. हातात धरल्यावर तो वाटला होता त्यापेक्षा जड निघाला. भूषणला परत बोलवायचं ते याच कामावर, हे त्याला दिसत होतं, आणि ते काही चांगलं नव्हतं. पण त्याच्या हातात या घटकेला तेवढंच होतं. त्याने शिक्का पुन्हा कापडावर होता तसा ठेवला.

"याच्यावर माझा नंबर नाय," तो म्हणाला. "शिक्का बुद्धभूषणचा हाय. त्याला बोलवा."

रावजी साहेबांच्या केबिनकडे धावला. खंडेराव आपल्या मशीनकडे परत गेला नाही. तो टेबलापाशीच उभा राहिला, त्या नऊ गोळ्यांसमोर, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांना मनातल्या मनात गोळे म्हणाला.