पाळीला हात कोणी लावला

पाटबंधारे खात्याचा कागद म्हणत होता, तलावाची पाळ दुरुस्त झाली. पाळ मात्र गळत होती. एवढ्याच गोष्टीसाठी गुणवंतराव कापगते चार वर्षं हेलपाटे घालत होते. तुडमाजवळ, म्हणजे तलावातून पाणी सोडायच्या मोरीपाशी, भोक पडलं होतं. कागदावर ते माती भरून, चोपून, वर दगड रचून बुजवलेलं होतं आणि खाली एका साहेबाची सही होती. खरं तर त्या जागी खात्याचं एक घमेलंही कधी आलं नव्हतं.

गुणवंतराव पिंपळटोल्याचे पाणी वाटणारे. कोणाच्या धानाच्या बांधीला आज पाणी आणि कोणाच्या उद्या, हे ते सांगायचे आणि अख्खं गाव मुकाट ऐकायचं. चंद्रपूरच्या लोकशाही दिनात मात्र त्यांचं कोणी ऐकत नव्हतं. सोमवारी टोकन घ्यायचं, दुपारपर्यंत बाकावर बसायचं, 'संबंधित कार्यालयास कळवले आहे' हे वाक्य ऐकून घ्यायचं आणि परतीची गाडी पकडायची. दोनदा तर नाव पुकारलं तेव्हा ते बाकावरच झोपलेले होते. साठी उलटलेल्या माणसाने किती जागायचं?

नागभीडला तहसीलीसमोर टाइपरायटर मांडून बसणारा गुलाम रसूल त्यांचे अर्ज लिहायचा. एका अर्जाला त्याने गळतीचा फोटो जोडला होता. पुढे फाइल उघडली तर फोटो गायब, टाचणीची दोन भोकं तेवढी शिल्लक. तरी दोघं चिकटून राहिले आणि २००४ च्या आश्विनात एकदाची चौकशी लागली.

"भाऊ, आता एकच करा," गुलाम रसूल म्हणाला. "साहेब येईपर्यंत पाळीले कोनी हात लावू नका. भोक दिसलं तं तो लिहिन. नाई दिसलं तं मी शंभर अर्ज टाइप केले तरी सब बेकार."

सांगायला सोपं होतं. पिंपळटोल्यात पिढ्यान्‌पिढ्याची रीत अशी की गळती ज्याला पहिल्यांदा दिसेल त्याने हाक मारायची आणि घरटी एक टोपलं माती पाळीवर पडल्याशिवाय कोणाच्या चुलीवर भात चढायचा नाही. आता तेच गाव हातावर हात ठेवून वाहतं पाणी बघत बसलं होतं. शुक्रवारी साहेब येणार होते. गाव सकाळपासून पाळीवर उभं राहिलं, साहेब आले नाहीत. मंगळवारची तारीख मिळाली. मंगळवारी निरोप आला की साहेब मीटिंगला गेले.

"अवो, रोज दोन बोटं पानी जाऊन राह्यलं," रात्री वाढताना भागीरथाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "धान पोटरीले आला हाये. साहेबाले दाखवाले धान मारता का?"

"अजून दोन दिस थांब."

"मी थांबीन. भोक थांबन का?"

गुणवंतराव भात कालवत राहिले. बायको खोटं बोलत नव्हती, हीच तर पंचाईत होती.

बुधवारी उजाडता ते पाळीवर गेले. भोकाचा काठ ढासळला होता, कोपरापर्यंत हात आत जात होता. आणखी एक दिवस आणि मग नुसतं पाणी नाही, पाळच गेली असती आणि खालच्या बांध्यांत चिखलाशिवाय काही उरलं नसतं. ते उभे राहिले. चार वर्षं डोळ्यांपुढून गेली. मग स्वतःच गावाकडे तोंड करून त्यांनी हाक मारली.

गाव जणू तिची वाटच बघत होतं. भोकाचं आतलं तोंड शोधायला पाण्यावर धानाचा कोंडा पसरला. तो जिथे गरगरून आत ओढला गेला तिथे गावातल्या लटारूने बुडी मारून तणसाची पेंढी कोंबली. टोपल्यामागून टोपली आली, बायकांनी दगड रचले, माती चोपली. दुपारपर्यंत गळती बंद. कागदावरसुद्धा खात्याने इतकं चांगलं काम केलं नव्हतं.

आणि गुरुवारी अकरा वाजता जीप आली! येऊ नये तेव्हा येणं हे काही लोकांना बरोबर जमतं. चौकशीचे साहेब पुढे बसले होते आणि जागा दाखवायला मागे तेच साहेब, ज्यांच्या सहीवरून एवढं रामायण झालं होतं.

"काम तर उत्तम दिसतंय," चौकशीचे साहेब म्हणाले. मग वाकून त्यांनी बोटाने माती दाबली. "ओली आहे. कोणी केलं हे?"

"सर, गावाने केलं असेल तर शासकीय मालमत्तेत विनापरवाना हस्तक्षेप होतो," सहीवाले साहेब लगेच म्हणाले. "गुन्हा दाखल करावा लागेल."

चौकशीचे साहेब वाईट नव्हते. थकलेले होते, त्यांना अजून तीन गावं करायची होती. "हे बघा काका, मला दोनच गोष्टी लिहिता येतात. काम खात्याचं, सुस्थितीत आहे. तुम्ही सही करा, विषय संपला. नाहीतर काम गावाने केलं. मग ज्यांनी केलं त्यांची नावं द्या."

काल दगड रचणाऱ्या गिरजाबाईंनी नखांत माती राहिलेले हात हळूच पदराखाली घेतले. गुणवंतरावांनी ते पाहिलं. सही केली असती तर सगळे सुटले असते. पण मग चार वर्षांचं खरं त्यांनी स्वतःच्या हाताने खोटं केलं असतं.

"मी केलं," ते म्हणाले. "लिहा."

"एकट्याने?"

"एकट्यानं."

साहेबांनी पाळीकडे पाहिलं. ओल्या मातीत बायकांची, पोरांची, म्हाताऱ्यांची पावलं उमटली होती, मोजता येणार नाहीत इतकी. ती बघूनही त्यांनी एकच नाव लिहून घेतलं.

त्या वर्षी धान झकास झालं. पौषात जिल्ह्याचं पत्र आलं, तेव्हा चष्मा नसल्याने गुणवंतराव ते घेऊन गुलाम रसूलकडे गेले. त्याने वाचायला घेतलं. पाहणीत गळती आढळून आली नाही, सबब संबंधित अधिकाऱ्यावरील आरोपात तथ्य नाही. पुढचं वाक्य मात्र त्याने हळू आवाजात वाचलं.

"'पाळीशी विनापरवाना छेडछाड केल्याप्रकरणी श्री. गुणवंतराव कापगते हे जबाबदार असल्याचे निष्पन्न झाले आहे.'" त्याने कागद खाली ठेवला. "भाऊ, चहा सांगू का?"

"ते शेवटचं परत वाचा."

गुलाम रसूलने परत वाचलं. गुणवंतराव डोळे मिटून ऐकत होते.

"चार वरसं मी हेच तं विचारून राह्यलो होतो, रसूलभाई, जबाबदार कोन म्हून," ते म्हणाले. "चला, सापडला एकदाचा."