कमरेत अर्धं बोट

थोरली शिवणकाम करायची आणि धाकटी पोस्टाच्या काउंटरवर बसायची. दोघींची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. लहानपणी घरात थोरलीला ‘काडी’ म्हणत आणि धाकटीला ‘ढब्बू’. देवानं वाटणी करताना हुशारी, कायमची नोकरी, आईची माया आणि खळखळून हसणं सगळं धाकटीच्या पदरात टाकलं. थोरलीच्या वाट्याला काय, तर बांधा. पन्नाशी उलटली तरी तिची कंबर लग्नातल्या मापावर टिकून होती. कुणी तसं म्हटलं की ती “छे, कसलं काय” म्हणायची, पण त्या दिवशी तिचं मशीन जरा जोरात चालायचं.

थंडी सरली, रस्त्याकडेच्या झाडांना तांबूस पालवी फुटली, आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांनी धाकटीला रक्तदाबावरून चांगलाच दम भरला. मीठ कमी, साखर बंद, रात्रीचं जेवण लवकर आणि थोडं, रोज सकाळी पाऊण तास चालणं. धाकटी तिथून तडक बहिणीकडे आली.

“ताई, तूही चल ना माझ्याबरोबर. एकटीला कंटाळा येतो गं.”

“मला काय धाड भरलीय चालायला?” सुईत दोरा ओवत थोरली म्हणाली. “आणि तुझं तरी किती दिवस टिकतंय ते बघू. मागे उड्या मारायला दोरी आणली होतीस, तिच्यावर आता कपडे वाळतात.”

धाकटी हसली. वाळत होते खरे.

पण या वेळी टिकलं. शेजारी राहणाऱ्या, गाणं शिकवणाऱ्या बाई तिला सोबत मिळाल्या. रोज साडेसहाला दोघी थोरलीच्या खिडकीखालून गप्पा मारत जायच्या, आणि धाकटी न चुकता वर बघून हात हलवायची. थोरलीही हलवायची. आपणच नको म्हटलं होतं हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी आपली जागा त्या बाईनं बळकावली असं वाटून तिचा सकाळचा चहा कडू व्हायचा.

पोस्टाच्या गणवेशाचे राखाडी स्कर्ट थोरलीनंच शिवलेले. दर शनिवारी धाकटी ते इस्त्रीला आणून द्यायची. वजनकाट्याशी तिचं वैर होतं. शाळेत एकदा सगळ्या वर्गासमोर तिचं वजन मोठ्यानं वाचलं गेलं, तेव्हापासून तिनं कानाला खडा लावला होता. डॉक्टरांकडे काट्यावर चढावंच लागलं, तर ती डोळे मिटून चढायची आणि आकडा सांगू नका म्हणायची. “स्कर्ट सैल झाला की समजायचं,” एवढाच तिचा हिशेब.

तिसऱ्या शनिवारी धाकटी स्कर्ट ठेवून गेली आणि थोरलीचा नवरा पेपरातून डोकं वर काढून म्हणाला, “हिच्या चेहऱ्यावर काय तेज आलंय. जिना चढून आली, पण धाप म्हणून नाही.”

घरातले पडदे बदलले तेव्हा या माणसाला तीन महिने पत्ता नव्हता. थोरलीच्या शिंपिणीच्या नजरेनं ते आठवड्यापूर्वीच टिपलं होतं. ढब्बूला कंबर येऊ लागली होती.

त्या दुपारी तिनं स्कर्टची बाजूची शिवण उसवली, अर्धं बोट कापड आत घेतलं आणि पुन्हा टीप मारली. सैल होतच असेल तिला, बेतात आणून ठेवू, असं तिनं स्वतःला समजावलं. पण बेतात आणलं तर माणूस सांगतो. तिनं सांगितलं नाही. जुन्या टाक्यांच्या खुणा वाफेनं अशा पुसल्या की इतकं सफाईदार काम तिनं एखाद्या गिऱ्हाइकासाठीही केलं नसेल.

“काही फरक नाही गं ताई,” पुढच्या शनिवारी धाकटी म्हणाली. “स्कर्ट आहे तसाच.”

“आपल्या घराण्यात हाडंच जड,” काडी म्हणाली.

त्यानंतर दर शनिवारी अर्धं बोट, कधी थोडं जास्तच. धाकटी खाली मान घालून स्कर्ट न्यायची आणि थोरलीच्या पोटात थंडावा पडायचा. तो दुसऱ्या दिवशी साडेसहापर्यंत पुरायचा.

“लोक म्हणतात बारीक झालीस,” एकदा धाकटी म्हणाली. “पण लोक काय, तोंडावर गोडच बोलणार. स्कर्ट कशाला खोटं बोलेल? उलट घट्टच होतोय. मीच कुठंतरी कमी पडतेय.”

एका मंगळवारी शिक्का मारता मारता धाकटी काउंटरवरच कोसळली. निरोप मिळताच थोरली चपला उलट्यासुलट्या घालून दवाखान्यात धावली. डॉक्टर वैतागले होते.

“अडीच महिन्यांत चौदा किलो. रात्रीचं जेवण पूर्ण बंद केलंय यांनी. कुणी सांगितलं होतं?”

“चौदा?” धाकटी पलंगावरून क्षीण आवाजात म्हणाली. “शक्यच नाही, डॉक्टर.”

थोरलीनं खिडकीकडे तोंड फिरवलं.

संध्याकाळी तिनं बहिणीला तिच्या घरी नेलं, कढत सूप करून दिलं. धाकटीनं दोन घोट घेतले आणि वाटी खाली ठेवली.

“ताई, डॉक्टरांसमोर बोलायचा धीर झाला नाही. वजन उतरतंय आणि कंबर वाढतेय, म्हणजे काय असेल? पोटात गाठबीठ नसेल ना?”

थोरलीनं खोटं शोधलं, पण एकही सापडलं नाही.

“गाठबीठ काही नाही. तुझे स्कर्ट मी आत घेतले.”

“कधी?”

“दर शनिवारी.”

धाकटीनं वाटी आणखी लांब सरकवली. “का गं?”

“माझ्याकडे तेवढंच होतं. तेही तू घ्यायला निघालीस.”

“मी उपाशी झोपत होते, ताई,” धाकटी हळू म्हणाली. मग भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. “तू जा आता.”

तीन शनिवार कुणी आलं नाही. साडेसहाला धाकटी आणि बाई खिडकीखालून जायच्या, पण आता धाकटी वर बघत नव्हती. थोरली पडद्याआडून बघायची आणि तेव्हाही तिची नजर आधी बहिणीच्या कमरेवरच जायची, याची तिला स्वतःचीच किळस यायची. नवऱ्यानं विचारलं तेव्हा तिनं सगळं सांगून टाकलं. त्यानं पेपर घडी करून ठेवला आणि तो आत निघून गेला. दोन शब्द बोलला असता तर बरं वाटलं असतं.

चौथ्या शनिवारी धाकटी आली. पिशवीतून स्कर्ट काढून तिनं मशीनवर ठेवला.

“उसव.”

समोर बसून तिनं एकूण एक टाका निघेपर्यंत पाहिलं. मग तोच स्कर्ट चढवला, तर तो घसरून खाली आला. तिनं दोन्ही मुठींत उरलेला घेर धरला आणि आरशासमोर उभी राहिली. आपण काय कमावलं हे तिला पहिल्यांदाच दिसत होतं. थोरलीनं मान खाली घातली.

“आता माप घे,” धाकटी म्हणाली. टेपचं टोक तिनं स्वतः धरलं, आकडा स्वतः मोठ्यानं वाचला आणि थोरलीच्या वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिला. “इथून पुढे मीच लिहीन. आणि इस्त्री माझी मी करीन.”

“बरं.”

ती दारापर्यंत गेल्यावर थोरलीनं विचारलं, “सकाळी मी येऊ का चालायला?”

धाकटीनं चपलेत पाय सरकवला. “सध्या नको. बघू पुढे.”

तिची पावलं जिन्यावरून उतरून गेल्यावर थोरलीनं वही ओढली. आकडा अजून आपल्यापेक्षा बराच मोठा आहे, हे आधी पाहून घेतलं. मग त्याच मापावर स्कर्टला टीप मारली, सूतभरही इकडेतिकडे होऊ न देता.