बिरप्पांचा उरलेला डोळा

“बिरप्पा, आज परत?” मी चिडूनच विचारलं. आदल्याच दिवशी त्यांच्या उजव्या डोळ्यात इंजेक्शन दिलं होतं. पांढऱ्या भागावर रक्ताचा लहानसा डाग होता, एवढंच. माणूस मूळचा दुधनीकडचा, सोलापुरात शाळेच्या गणवेशांना काजं-बटणं करणारा. साखरेच्या आजारानं डाव्या डोळ्याचा पडदा कधीच गेला होता. उजवा टिकावा म्हणून दर महिन्याला ही सुई.

“लई लाल झालाय की, सिस्टर.”

“दुखतंय? कमी दिसतंय?”

“न्हाय.”

“मग? सुईनं एवढं रक्त साकळतंच, आठवड्यात जाईल. दरवेळी असं पळत येऊ नका, इथं पेशंटची रीघ लागलीय.”

बाकावरची माणसं हसली. बिरप्पाही ओशाळून हसले. दुखलं, कमी दिसलं तर मात्र त्याच पावली या, हे मी रोज दहादा सांगते. त्या दिवशी नाही सांगितलं. बावीस वर्षं झाली मला इथं. तोंड तिखट आहे माझं, पण कामात खोट काढून दाखवावी कुणी.

पुढची सुई शनिवारी झाली. डोळ्यात आयोडीनचे थेंब, मास्क, निर्जंतुक चादर, सगळं मी स्वतः पाहिलं. तरी हजारात एखाद्याच्या डोळ्यात जंतू शिरतात. गुरुवारी दानम्मा नवऱ्याला हाताला धरून घेऊन आली. पापणी टम्म सुजलेली, बुबुळामागं पू साचलेला.

“रविवारपास्नं ठणकतंय,” ती मला म्हणाली. “म्या म्हनलं दवाखान्यात चला, तर ऐकतील तर शप्पथ. म्हनं, सिस्टर रागावत्यात, जाईल आपोआप.”

तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी बॅटरी अगदी डोळ्यासमोर धरली.

“उजेड दिसतोय?”

बिरप्पांनी मान इकडेतिकडे फिरवली. “कुटं हाय, सायब?”

डॉक्टरांनी बॅटरी बंद केली. “पहिल्याच दिवशी आला असतात तर काहीतरी वाचवता आलं असतं. का नाही आलात?”

दानम्मानं तोंड उघडलं. बिरप्पांनी चाचपडत तिचं मनगट दाबलं.

“मालकानं सुट्टी दिली न्हाय, सायब.”

मला बोलायचं होतं. मी केसपेपर पुढ्यात ओढला.

“सिस्टर, केसपेपरवर घ्या,” डॉक्टर म्हणाले.

मी लिहिलं, रुग्ण चार दिवस उशिरा आला. कारण, सुट्टी मिळाली नाही. आणि खाली सही केली.